घुमटबाबा आणि विहीणबाई

विहीणबाई, काल मी एकटीच चौकात उतरले. किल्ल्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि सवयीने जरा बाजूला सरकले, तुम्हाला जागा द्यायला. तुमचं अंग म्हणजे काय सांगावं, अख्खा फुटपाथ तुम्हाला एकटीला पुरायचा नाही. मी कायम अर्धी रस्त्यात. रिक्षावाले तुम्हाला सोडून मला शिव्या द्यायचे आणि मग तुम्ही त्यांना द्यायच्या. तुमच्या त्या अस्सल सुरती शिव्या मला कागदावर उतरवता येणार नाहीत. माझी नातवंडं, लेकाची पोरं, हे वाचतील. काल एकाने माझ्या अंगाला घासून रिक्षा नेली, वर मलाच डोळे दाखवले, आणि माझ्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. तेव्हा कुठे मला पटलं की तुम्ही गेलात.

तुम्ही मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणालात, आणि हाक तुमच्या गुजरातीत 'वेवाण', म्हणजे विहीण. दुधवाल्याला तू, देवाला तू, पालिकेच्या साहेबाला तू, तसंच मला. मी मात्र खानदेशी बाई. विहिणीला 'तुम्ही' नाही म्हटलं तर आमच्याकडे सात पिढ्या नाव ठेवतात. तेव्हा आताही तुम्हीच.

आपली पहिली भेट आठवते? तुमच्या मुकेशने आणि माझ्या सुनंदाने सुरतेजवळच्या सचिन गावात एकाच कारखान्यात नोकरी करता करता आपल्या दोघींच्या नाकावर टिच्चून कोर्टात लग्न लावलं, तो दिवस. एकाच बाकावर आपण दोघी, तोंडं दोन दिशांना. तासभर तुम्ही गप्प. (तुम्ही तासभर गप्प बसलेलं मी पुढे कधी पाहिलं नाही.) मग एकदम माझ्याकडे वळून म्हणालात, "तमारा महाराजे अमारी सुरत बे वार लूटी. आ त्रीजी वार!"

मी म्हटलं, "दोन वेळा नेलं ते सोनं होतं, विहीणबाई. या वेळी आम्ही देऊन चाललोय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग पोट हलेपर्यंत हसलात. कोर्टातला शिपाई धावत आला, कुणाला फिट आली की काय म्हणून.

त्यानंतर मी नवागामहून नाणावटात, तुमच्या घरी, येऊ लागले. सांगायचे असं, की सुरतेत जन्म गेला पण जुनी सुरत काही बघितली नाही, विहीणबाई दाखवतात. खरं कारण तुम्हालाही ठाऊक होतं, असं मला आता वाटतं. मला माझ्या पोरीचं तोंड बघायचं असायचं. लग्नाला वर्ष झालं, दोन झाली, तीन झाली, सुनंदाची कूस उजवली नाही. मी स्वतः त्यातून गेलेली. माझ्या सासूने भाकरी वाढताना रोज एक टोमणा वाढला होता: "गाय व्याली, शेळी व्याली, मांजर व्याली. तू कधी व्याशील व?" आता माझी लेक परक्या जातीच्या, परक्या भाषेच्या घरात. तिथे भाकरीबरोबर काय वाढलं जातं, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मी यायची, दारातच पोरीच्या डोळ्यांखाली काळं आहे का ते बघायची, आणि मग म्हणायची, "चला विहीणबाई, आज काय दाखवता?"

"चालनी!" तुमच्या पायात चप्पल आधीच असायची.

तुम्ही पहिल्यांदा दाखवलंत ते तुमचंच घर. बाहेरून हातभर रुंद. आत शिरत जावं तर संपतच नाही, खोलीमागे खोली, चौक, पुन्हा खोली. मधल्या चौकात फरशीतलं दगडी झाकण तुम्ही सरकवलंत आणि म्हणालात, "वाक आणि हाक मार." मी वाकले. खाली काळोख आणि त्या काळोखात पाणी. अख्ख्या घराखाली टाकं! पावसाचं पाणी, गच्चीवरून नळाने उतरवून साठवलेलं, तुमच्या आजेसासऱ्यांच्याही आधीपासूनचं. आमच्या गावी दुष्काळात पाण्यासाठी कोस कोस चाललेली मी. आणि तुम्ही लोक चार पिढ्या पाण्यावर चूल मांडून बसलेले! मी हाक मारली, "ओ!" खालून माझाच आवाज आला, पण म्हातारा होऊन, जाडा होऊन, जसं कुणी फार जुनं माणूस आतून "आलो" म्हणतंय. माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "ते माझे सासरे. त्यांना दुपारी उठवलेलं आवडत नाही."

त्या दिवसापासून मला तुमच्या सुरतेचं वेड लागलं. पोरीचं निमित्त होतंच, पण वेडही खरं.

तुम्ही सांगायच्या त्यातलं निम्मं खोटं असायचं, हे मला दुसऱ्याच खेपेला कळलं. मुगलीसराच्या त्या मोठ्या सराईत, जिथे आता पालिकेची कचेरी आहे, तुम्ही सांगितलंत की हजला जाणारे इथे उतरायचे आणि बंदरावर त्यांची गलबतं थांबलेली असायची. हे खरं होतं. मग म्हणालात की बादशहाची बेगम खुद्द वरच्या खिडकीत बसून घारी, तुमची ती तुपातली मिठाई, खायची. पुढच्या वेळी बेगमेची मावशी झाली. त्याच्या पुढच्या वेळी ती खिडकीच नाही, दुसरी. मी हटकलं तर म्हणालात, "वेवाण, त्या वेळी तू हतीस? मी हती? मग घारी खाऊ दे ना बिचारीला!" पण त्या जाड भिंतीला पाठ टेकून आपण उभ्या राहिलो, आत कारकून पंख्याखाली जांभया देत होते, आणि तुम्ही अचानक हळू आवाजात म्हणालात, "विचार कर. इथून माणसं मक्केला जायची. परत येतील की नाही, माहीत नसायचं. इथेच शेवटचं जेवायची." जांभया देणाऱ्या कारकुनांच्या मागे मला ती सगळी माणसं दिसायला लागली, गाठोडी बांधून बसलेली. तुमच्याबरोबर असं व्हायचं. नुसती भिंत असायची, आणि तुम्ही बोट लावलं की ती गजबजायची.

गोपी तळ्याला पाणी नव्हतं, झोपड्या होत्या, पोरं पतंग उडवत होती. "हा सुरतेचा आरसा होता," तुम्ही म्हणालात. "गाव यात तोंड बघायचं." मी म्हटलं, "आता?" तुम्ही म्हणालात, "आता गावाला तोंड बघायची हिंमत नाही." त्या खोलगट जागेच्या कडेने उतरत जाणाऱ्या दगडांवर आपण बसलो. केवढं मोठं तळं असेल ते! माझी नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता जाता दमली.

महाराजांवरून मात्र आपलं कधी मिटलं नाही. तुम्ही म्हणायच्या लूट, मी म्हणायची स्वारी. तुम्ही म्हणायच्या, तुमच्यामुळे गावाला कोट बांधावा लागला, म्हणून दरवाजे. मी म्हणायची, मग उपकार माना, आमच्यामुळे तुमच्या गावाला दरवाजे मिळाले. "अने हवे?" तुम्ही विचारायच्या, "कोट कुठे? दरवाजे कुठे? नुसती नावं राहिली. रिक्षावाल्याला सांग, कतारगाम दरवाजा. तो तुला चौरस्त्यावर उतरवतो!" हे बोलताना तुमचा चेहरा असा व्हायचा की तुमच्या घरातून परवाच कुणीतरी दार काढून नेलंय.

त्या कतारगाम दरवाजानेच माझी फजिती उघडी पाडली.

विहीणबाई, लग्न होऊन सुरतेत आले तेव्हाच्या मला तुम्ही पाहिलं नाहीत, हे बरं झालं. भुसावळ पॅसेंजरमधून उधन्याला उतरले तेव्हा डोईवर ट्रंक, नाकात नथ, आणि अक्कल बहुतेक गाडीतच राहिलेली. कतारगाम दरवाजाजवळ आमची भाड्याची खोली. नवरा कापडाच्या लूमवर, मी घरात सासूच्या टोमण्यांबरोबर. पाणी आणायला जाताना एका भिंतीपलीकडे मला घुमट दिसायचा. केवढा! खांबांवर खांब, कमानीवर कमान, आणि वर तो घुमट, झाडांच्याही वर. आमच्या खेड्यात एवढा घुमट फक्त मोठ्या देवाला. मी तेव्हा अक्कल लावली. देऊळ म्हणावं तर कळस नाही. दर्गा म्हणावं तर हिरवी चादर नाही. म्हणजे हा देव दोन्हींच्या वरचा असणार! आणि इथे कोणी येत नाही म्हणजे याला कामही कमी, माझं ऐकायला वेळ मिळेल.

गेले. खांबाला शेंदूर फासला, नारळ फोडला आणि नवस केला: "घुमटबाबा, पोर दे, पाळणा बांधीन." नाव मीच ठेवलं. वर्षाच्या आत सुनंदा झाली. मी बाजारातून लाकडी रंगीत पाळणा आणला आणि कमानीला सुतळीने बांधला. आणि तेवढ्यावर गप्प बसेन तर ती मी कसली! चाळीतल्या प्रत्येक बाईला सांगितलं. आमच्या अहिराणी बायांची रांग लागली. "घुमटबाबाकडे जा माय, फार पावतो!" एक बाई तर पार लिंबायतहून यायची.

हे सगळं मी तुम्हाला त्या घुमटासमोर उभी राहून अभिमानाने सांगितलं. तुम्ही ऐकत होतात, तोंडावर पदर. मग म्हणालात, "वेवाण, आ वलंदानी कबर छे." डच लोकांची कबर. व्यापारी माणूस, नीळ आणि कापड विकत घ्यायला आलेला, इथेच मेला. आणि तुमच्या सासऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे फार पिणारा. मित्र त्याच्या कबरीवर बसून त्याच्या नावाने प्यायचे म्हणे. "तू दारूड्याकडे पोर मागितलंस!"

मी म्हटलं, "आणि त्याने दिलं! शुद्धीतल्या देवांनी कुठे दिलं?"

आपण तिथे पायरीवर बसून हसलो, दोन म्हाताऱ्या, पोटं धरून. मग तुम्हीच बोट दाखवलंत. आतल्या कमानीला पाळणा होता. माझा नव्हे, माझा कधीच कुजला असेल. नवा, लाल-हिरवा, रंगाचा वास अजून येत असलेला. शेजारी दोरे, हळद, एका खांबाला ताजा शेंदूर. माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. मी ती वस्ती सोडून गेले, नवागामला घर बांधलं, नातवंडं झाली, आणि इथे कुणी अनोळखी बाई, मी नाव ठेवलेल्या देवाकडे, परवा-तेरवा येऊन गेली होती. तुम्हीही हात जोडलेत. "वाह रे वेवाण," तुम्ही म्हणालात, "लोक देवळं बांधतात. तू तर देवच वसवून गेलीस."

मी वर बघत होते. समुद्र ओलांडून आलेला माणूस, ज्याची भाषा इथे कुणाला येत नव्हती, त्याच्या डोक्यावर एवढं आभाळ बांधलेलं, आणि त्या आभाळाखाली आमच्या बायांची सुतळी. मी तिथे किती लहान होते, काय सांगू. आणि किती जागा होती तिथे.

मग मला सुनंदा आठवली. मी पिशवीत हात घातला. नारळ मी आणलाच होता. तुम्हाला न सांगता.

"ठेव पाछो," तुम्ही म्हणालात.

"का? माझ्यासाठी मागितलं, दिलं त्याने. माझ्या लेकीसाठी..."

"नाही दिलं तर?" तुमच्या आवाजात थट्टा नव्हती. "आमच्या जातीतल्या बाया विचारतील. म्हणतील, नवससुद्धा केला, तरी नाही. मग दोष कोणाचा? दारूड्याचा? त्या पोरीचा. मागायचं नाही, वेवाण. इथे यायचं, बघायचं, जायचं."

आणि तुम्ही मला हाताला धरून मागे नेलंत, मोठ्या घुमटांच्या सावलीत, जिथे गवतात एक छोटी कबर होती. हातभर. वरची अक्षरं झिजलेली, आपल्या दोघींनाही न येणारी. "हे पण त्यांचंच," तुम्ही म्हणालात. "ज्यांना होतात, त्यांचंही असं होतं." तुम्ही वाकलात (तुम्हाला वाकायला किती त्रास व्हायचा!) आणि त्या दगडावरची वाळकी पानं पदराने पुसलीत, जसं तापातल्या पोराचं कपाळ पुसतात. कुठल्या मुलखातली ती आई, बाळ ठेवून जहाजात बसून गेली असेल, किंवा तीही इथेच कुठे असेल. मी नारळ परत पिशवीत टाकला. घरी येऊन त्याची चटणी केली.

तरी माझ्या मनातला किडा गेला नाही. मला वाटायचं, ही बाई बोलते छान. पण घरात, दार लावल्यावर?

म्हणून एके दिवशी ओवाऱ्यावर, नदीच्या घाटावर, मी विचारलं. तापीला भरती होती, समुद्राचं पाणी नदीत उलटं चढत होतं, आणि तुम्ही नेहमीसारख्या पायऱ्यांवर बसून मला सांगत होतात की इथे कुठल्या कुठल्या देशाची गलबतं लागायची. मी मधेच म्हटलं, "विहीणबाई, खरं सांगा. मूल नाही म्हणून तुम्ही माझ्या पोरीला कधी काही बोललात का? एवढी वर्षं? एक शब्द?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी तुमच्या घरातून काही उचललंय. "एटले तू आटला वरस चोकी करती हती? मी तुला माझी सुरत दाखवते, आणि तू माझ्यावर नजर ठेवतेस?" मग मी कधी ऐकल्या नव्हत्या अशा चार शिव्या, सगळ्या मला. आणि उठून निघून गेलात. मी ओरडले, "अहो, उत्तर तरी द्या!" वळला नाहीत.

विहीणबाई, तुम्ही चिडलात ते बरोबर. पण मी विचारलं तेही बरोबर. मी तुमच्यावर नजर ठेवली, आणि पुन्हा जन्म मिळाला तर पुन्हा ठेवीन. लेकीची आई याशिवाय काय करणार? पण तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आणि हा आपला वाद तसाच राहिला, महाराजांसारखा.

चांदी पडव्याला, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, मुकेशच्या हाती घारीचा डबा आला. तुम्ही आला नाहीत. घारीवर तुपाचा थर असा जाड की त्यावर बोटाने नाव लिहावं. मी डबा रिकामा कसा पाठवणार? बिबडे तळले, आमचे ज्वारीचे खानदेशी पापड, तिखट, तुम्हाला आवडणारे, आणि भरून पाठवले. मनात म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ, समोरासमोर भांडू. दिवाळीच्या आधीच फोन आला, शेजारच्या दुकानात. तुम्ही ओट्यावर बसल्या बसल्या गेलात. सुनंदाने सांगितलं, मांडीत तांदळाचं ताट होतं, निवडून झालेलं.

बाराव्याची गोष्ट तेवढी सांगायची राहिली, ती सांगते आणि थांबते.

तुमच्या त्या चौकात बाया बसल्या होत्या, पांढऱ्या साड्यांत. मी भिंतीला टेकून. कामरेजच्या तुमच्या मोठ्या जाऊबाई मधोमध, सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडून म्हणाल्या, "बिचारी पोतरानुं मोढुं जोया वगर गई." नातवाचं तोंड न बघता गेली. आणि सगळ्यांच्या माना हळूच सुनंदाकडे वळल्या. ती पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती.

मी तोंड उघडलं. अहिराणीत जे काय यायला हवं होतं ते सगळं जिभेवर आलं होतं. पण त्याआधी माझी पोर बोलली. माझी मुखदुर्बळ पोर, जिला शाळेत उत्तर येत असून हात वर करता यायचा नाही. ग्लास पुढे करत, तुमच्याच त्या घोगऱ्या, रेलून बोलायच्या सुरती सुरात म्हणाली,

"मोटीबा, एणे तो आखी सुरत जोई नाखी. तमे कामरेजनी बहार निकळ्या छो कोई दी?"

म्हणजे, तिने तर अख्खी सुरत बघून टाकली, तुम्ही कधी कामरेजच्या बाहेर तरी पडलात का? जाऊबाईंनी पाणी घेतलं आणि मुकाट्याने प्यायल्या.

उत्तर मिळालं मला, विहीणबाई. जिला घरात दाबून ठेवलंय, ती असं बोलत नाही. असं बोलायला घरात कुणीतरी वर्षानुवर्षं मोकळं बोलू द्यावं लागतं, आणि ते बोलणं रोज कानावर पडावं लागतं. मी जन्म दिला, पण हा आवाज मी दिलेला नव्हता.

आणि मला हसू फुटलं. बाराव्याला, तुमच्या घरात, तुमच्या जातीतल्या सगळ्या बायांसमोर. मी पदर तोंडात कोंबला, मान खाली घातली, खांदे गदगदायला लागले. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, "रडो नहीं, वेवाण, रडो नहीं." तिच्या हाताने आणखीच फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते खरंच होतं, पण हसूही थांबत नव्हतं. पलीकडे सुनंदा रिकामे ग्लास गोळा करत होती आणि माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळत होती. तिने एकदा जरी बघितलं असतं ना, विहीणबाई, तर आम्ही दोघींनी मिळून तिथेच तुमची अब्रू घालवली असती.